‘काय न्हाई साहेब, बरं हाय’: मनातलं न सांगणारा हृदयरुग्ण, एक प्रकरण अभ्यास

हे प्रकरण आमच्या हृदय-पुनर्वसन विभागातलं आहे. तिथं मी समुपदेशक म्हणून काम करते. रुग्णाच्या संमतीने लिहीत आहे. नाव, गाव आणि ओळख पटेल असे काही तपशील बदलले आहेत, पण घटनांचा क्रम आणि आम्ही घेतलेले निर्णय जसेच्या तसे ठेवले आहेत. माणसाचा स्वभाव त्याच्या हृदयाचं काय करतो, हा प्रश्न पुस्तकात फार अमूर्त वाटतो. इथे तो औषधाच्या उरलेल्या पाकिटांमधून समोर आला.

पार्श्वभूमी

अण्णा ५३ वर्षांचे. दक्षिण महाराष्ट्रातल्या एका सहकारी साखर कारखान्याच्या शेतकी खात्यात ओव्हरसियर. चिटबॉय, म्हणजे खात्यातला खालच्या पायरीचा कर्मचारी, म्हणून लागले आणि तिथून वर आले. गळिताचा हंगाम सुरू झाला की त्यांच्या कामाला वेळ-काळ राहत नाही. शेतकरी विचारतो, माझ्या उसाला तोड कधी? मुकादम म्हणतो, टोळीतली माणसं गावी गेली. केनयार्डातून, म्हणजे कारखान्यात उसाच्या गाड्या लागतात त्या आवारातून, फोन येतो, तुमच्या गटाच्या गाड्या कमी का? तिघांचंही ऐकून घ्यायचं, तिघांनाही वर आवाज करायचा नाही. अण्णांनी हे सत्तावीस हंगाम केलं. त्यांच्या नोंदवह्या खात्यात नावाजलेल्या होत्या: कुणाची लागण कधीची, जात कोणती, नोंद किती गुंठ्यांची, सगळं सुवाच्य अक्षरात.

घरी पत्नी, लग्न झालेली मुलगी, पुण्यात नोकरीला असलेला मुलगा. शेजाऱ्यापाजाऱ्यांचं मत एकच: अण्णा कुणाच्या अध्यात ना मध्यात. म्हणूनच त्यांना हार्ट अटॅक आल्याचं कळल्यावर गावात प्रत्येकाच्या तोंडी तेच होतं. ‘इतका शांत माणूस, त्याला कसा काय अटॅक?’

प्रकृतीच्या बाजूने पाहिलं तर त्यात नवल नव्हतं. वडील अठ्ठावन्नाव्या वर्षी ‘छातीत कळ येऊन’ गेलेले. अण्णांना दोन वर्षांपासून रक्तदाब, साखर काठावर, वाईट कोलेस्टेरॉल १३८, आणि तीस वर्षांची तंबाखू. दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला झटका जगातल्या इतरांपेक्षा साधारण पाच-सहा वर्षं आधी येतो, हे ५२ देशांत झालेल्या ‘इंटरहार्ट’ अभ्यासातून पुढे आलं आहे. आपल्या भागात सरासरी वय निघालं ५३. अण्णा अगदी त्याच वयाचे.

जानेवारीतल्या एका पहाटे चारच्या सुमारास त्यांच्या छातीत दाटून आलं, कळ जबड्यापर्यंत गेली. त्यांनी अ‍ॅसिडिटीची पुडी घेतली आणि भिंतीला टेकून बसून राहिले. पत्नी शेजारी झोपली होती. तिची झोपमोड कशाला, असा विचार केला. सातला मोटारसायकल काढून गट ऑफिसला गेले. तिथल्या तरुण चिटबॉयला जानेवारीच्या थंडीत साहेबांचा शर्ट घामाने चिंब दिसला आणि त्याने काही न विचारता त्यांना जीपमध्ये घातलं. कॅथलॅबमध्ये पोहोचेपर्यंत साडेअकरा वाजले होते. हृदयाच्या पुढच्या भागाला रक्त पुरवणारी मुख्य रक्तवाहिनी पूर्ण बंद होती. ती उघडी ठेवणारी धातूची जाळी, म्हणजे स्टेंट, बसला. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत खर्च भागला. इकोमध्ये पंपिंग, म्हणजे हृदयाची रक्त बाहेर ढकलण्याची क्षमता, ४० टक्के.

पहाटे चार ते साडेअकरा, साडेसात तास. केस पेपरवर याची नोंद आहे ‘उशिरा दाखल’ एवढीच. का उशिरा, हे कुणी लिहिलेलं नाही. जवळपास कुठल्याच रुग्णाच्या कागदावर ते लिहिलेलं नसतं. वाहन मिळालं नाही, पैसे नव्हते, दुखणं कळलं नाही आणि ‘कुणाला उठवायचं नव्हतं’ ही चार वेगळी कारणं आहेत आणि चारही कारणांवर करायचे उपाय वेगळे आहेत.

समस्या

डिस्चार्जच्या वेळी पाच औषधं दिली गेली. त्यात अ‍ॅस्पिरिन आणि टिकॅग्रेलोर या रक्तात गुठळी होऊ न देणाऱ्या दोन गोळ्या होत्या. टिकॅग्रेलोर दिवसातून दोनदा, वर्षभर.

दहाव्या दिवशी तपासणी झाली. ‘काही त्रास?’ ‘काय न्हाई साहेब, बरं हाय.’ महिन्याने पुन्हा तपासणी. तोच प्रश्न, तेच उत्तर. ओपीडीत साठ-सत्तर रुग्ण बसलेले असताना डॉक्टरांना ‘बरं आहे’ या उत्तराने हायसं वाटतं, हे समजण्यासारखं आहे.

तिसऱ्या आठवड्यापासून ते रिहॅबला, म्हणजे आमच्या पुनर्वसन विभागात, येऊ लागले. सहा मिनिटांच्या चालण्याच्या चाचणीत पहिल्या वेळी ३४० मीटर चालले. सहाव्या आठवड्यात अंतर वाढायला हवं होतं, ते ३१० वर आलं. फिजिओथेरपिस्टने विचारलं तर म्हणाले, रात्री झोप कमी झाली.

आमच्या विभागातल्या सिस्टरांची एक पद्धत आहे. महिन्यातून एकदा सगळ्यांनी औषधांची पिशवी घेऊन यायची, पाकिटांसकट. त्या बोलत बोलत पाकिटं मोजतात. अण्णांची टिकॅग्रेलोर हिशेबापेक्षा बरीच जास्त उरली होती. सिस्टरांनी पिशवी बंद केली, त्यांना बाजूच्या खोलीत नेलं आणि विचारलं, ‘अण्णा, ही राहून जाते, की तुम्हीच ठेवलीत?’ बराच वेळ गेल्यावर उत्तर आलं. ‘ठेवली.’

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. जवळजवळ तीन आठवडे त्यांना मध्येच श्वास पुरा आत जात नाही असं वाटत होतं. चालताना तितकं नाही. बसलेलं असताना, रात्री आडवं झाल्यावर. त्यांनी स्वतःशी निदान करून टाकलं होतं: हृदय थकलं, वडिलांसारखंच होणार. रात्री पत्नीला झोप लागली की ते उठून ओसरीवर बसत. संध्याकाळच्या गोळीनंतर जास्त होतं असं लक्षात आल्यावर ती बंद केली. थोडं बरं वाटलं, म्हणून तीन दिवसांपूर्वी सकाळचीही बंद केली. पत्नी गोळ्या हातावर देत होती. ही एक ते मुठीत ठेवत.

कुणालाच का नाही सांगितलं? ‘साहेबांनी एवढं केलं, आता परत काय रडगाणं सांगायचं. आणि सांगितलं तर पुन्हा भरती करतील.’

इथे थोडं थांबून औषधाबद्दल सांगायला हवं, कारण या प्रकरणाचा गाभा त्यात आहे. टिकॅग्रेलोरने काही रुग्णांना दम लागल्यासारखं वाटतं, हे पहिल्यापासून माहीत आहे. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या, १८,६२४ रुग्णांवरच्या ‘प्लेटो’ चाचणीत ही गोळी घेणाऱ्या १३.८ टक्के लोकांनी दम लागत असल्याचं सांगितलं. क्लोपिडोग्रेल ही त्याच कामाची दुसरी गोळी घेणाऱ्यांत हे प्रमाण ७.८ टक्के होतं. बहुतेकांच्या बाबतीत हृदयाचा किंवा फुप्फुसाचा बिघाड नसतो, आणि फारच त्रास झाला तर गोळी बदलता येते. म्हणजे ज्याला अण्णा मरणाची चाहूल समजत होते, ते डॉक्टरांनी एका वाक्यात उलगडलं असतं. उलट त्यांनी स्वतः शोधलेला उपाय जीवघेणा होता. धातूच्या नव्या स्टेंटवर रक्तवाहिनीचं अस्तर चढायला वेळ लागतो. तोपर्यंत गोळीचं संरक्षण काढून घेतलं तर स्टेंटमध्येच गुठळी होऊ शकते, आणि तसं झालं तर पुन्हा मोठा झटका किंवा मृत्यू. या गोळीचा परिणाम लवकर ओसरतो, म्हणून तर ती दिवसातून दोनदा घ्यायची असते.

पहिला निर्णय: आधी काय?

मला त्या क्षणी त्यांच्या स्वभावाशी बोलावंसं वाटत होतं. सिस्टरांनी त्याआधी कार्डिऑलॉजिस्टना फोन लावला, आणि तोच क्रम बरोबर होता. तासाभरात ईसीजी, इको, हिमोग्लोबिन, हृदय निकामी होतंय का हे दाखवणारी रक्ततपासणी, सगळं झालं. पंपिंग ४३ टक्के, फुप्फुसांत पाणी नाही. डॉक्टरांनी टिकॅग्रेलोर थांबवून क्लोपिडोग्रेल सुरू केली, सुरुवातीचा मोठा डोस तिथेच समोर दिला. ते अण्णांशी पाच मिनिटं बोलले. रागावले नाहीत. ‘या गोळीनं पुष्कळांना असं होतं. तुम्ही सांगितलं असतं तरी मी हेच केलं असतं,’ एवढंच म्हणाले.

दुसरा निर्णय: घरी सांगायचं का?

अण्णांनी एकच विनंती केली: मंडळींना सांगू नका. आमच्यात यावर मतभेद झाले. फिजिओथेरपिस्टचं म्हणणं होतं की जिवाचा प्रश्न आहे, गोळ्या वहिनी देतात, त्यांना कळायलाच हवं. सिस्टर म्हणाल्या, आज आपण सांगितलं तर पुढच्या वेळी हा माणूस आपल्यालाही सांगणार नाही.

मला सिस्टरांचं पटलं, पण एका अटीवर. अण्णांना स्पष्ट सांगितलं: नवी गोळी चोवीस तासांत नीट सुरू झाल्याचं आम्हाला दिसलं पाहिजे, नाही दिसलं, तर आम्ही घरी फोन करू, आणि तसं करण्याआधी तुम्हाला सांगू. ते मान्य झालं. शिवाय विचारलं, तुम्ही आपणहून हे कुणाला सांगू शकाल? मला वाटलं होतं मुलाचं नाव घेतील. त्यांनी त्या चिटबॉयचं घेतलं.

स्वभाव मोजावा का?

‘रागीट, घाईच्या माणसाला हार्ट अटॅक येतो’ हा समज आपल्याकडेही खोल रुजला आहे. त्याचं मूळ सॅन फ्रान्सिस्कोमधले दोन हृदयरोगतज्ज्ञ, मेयर फ्रीडमन आणि रे रोझेनमन, यांच्या १९५९ सालच्या मांडणीत आहे. सतत घाई, स्पर्धा आणि चिडचिड असलेल्या स्वभावाला त्यांनी ‘टाइप ए’ म्हटलं. नंतर तीन हजारांहून अधिक निरोगी पुरुषांवर साडेआठ वर्षं लक्ष ठेवल्यावर अशा लोकांत हृदयविकार साधारण दुप्पट दिसला. पण १९८८ मध्ये त्याच अभ्यासातल्या, पहिल्या झटक्यातून वाचलेल्या पुरुषांकडे पुन्हा पाहिलं तर ‘टाइप ए’ माणसं इतरांपेक्षा जास्त मरत नव्हती, उलट कमी मरत होती. या विषयावरच्या संशोधनाला तंबाखू कंपन्यांनी पैसा पुरवला होता, हेही पुढे उघड झालं. दोष सिगारेटचा नसून स्वभावाचा, असं निघालं तर त्यांना हवंच होतं. त्या सगळ्यातून जे टिकलं ते इतकंच की मनात सतत वैर आणि राग धरणं हृदयाला वाईट. २००९ सालच्या एका एकत्रित विश्लेषणात आधीच हृदयविकार असलेल्यांत रागामुळे आणि वैरभावामुळे धोका साधारण २४ टक्क्यांनी वाढलेला दिसला.

अण्णा या साच्यात बसतच नव्हते. त्यांच्या जवळ जाणारं वर्णन बेल्जियमचे मानसशास्त्रज्ञ योहान डेनोलेट यांनी केलं आहे, ‘टाइप डी’. त्यात दोन गोष्टी एकत्र असतात: मन सारखं काळजीत, उदास, कुढणारं; आणि लोकांसमोर ते उघड न करण्याची सवय, चारचौघांत दबून राहणं. नुसती काळजी करणारी माणसं पुष्कळ असतात. ती बोलून मोकळी होतात. नुसती अबोल माणसंही असतात, आत शांत असलेली. दोन्ही एकाच ठिकाणी असलं की पंचाईत होते. डेनोलेट यांच्या १९९६ च्या ३०३ हृदयरुग्णांच्या अभ्यासात या स्वभावाचे २७ टक्के रुग्ण पुढच्या सहा ते दहा वर्षांत दगावले, बाकीच्यांपैकी ७ टक्के.

हे आकडे वाचून घाबरायला होतं, म्हणून पुढचंही सांगणं माझं कर्तव्य आहे. नंतरच्या मोठ्या अभ्यासांत हा फरक बराच कमी झाला. २०११ मधल्या जर्मनीतल्या एका अभ्यासात मृत्यूशी संबंध आढळलाच नाही. माणसाला एका रेषेच्या अलीकडे किंवा पलीकडे टाकण्याच्या पद्धतीवरही संशोधकांनी आक्षेप घेतले आहेत, आणि ते मला रास्त वाटतात. त्यामुळे ‘टाइप डी आहे, म्हणजे लवकर जाणार’ असं कुणी रुग्णाला सांगत असेल तर ते चूक आहे आणि क्रूरही आहे.

मला या सगळ्या संशोधनात सर्वांत उपयोगी वाटतो तो २००७ सालचा एक छोटा अभ्यास. नेदरलँड्समधल्या टिलबर्गच्या गटाने हृदय कमजोर झालेल्या १७८ रुग्णांना विचारलं: तुम्हाला कोणती लक्षणं जाणवतात, त्यांची किती काळजी वाटते, आणि तुम्ही ती डॉक्टरांना किंवा नर्सला सांगता का? या स्वभावाच्या रुग्णांना लक्षणं जास्त जाणवत होती, काळजीही जास्त वाटत होती, आणि सांगणारे मात्र कमी होते. आमच्या खोलीत बसलेला माणूस हुबेहूब तो होता. स्वभाव रक्तावाटे, संप्रेरकांवाटे हृदयावर काय परिणाम करतो यावर अजून वाद चालतील. पण न सांगितलेला दम आणि मुठीत ठेवलेली गोळी, ही वाट तर डोळ्यांसमोर होती, आणि ती अडवता येण्यासारखी होती.

म्हणून आम्ही डेनोलेट यांची चौदा प्रश्नांची प्रश्नावली वापरली, पण निदान करायला नाही, गप्पांना सुरुवात करायला. मराठीत तपासून घेतलेली आवृत्ती आमच्या हाताशी नव्हती. प्रश्न मी तोंडी, त्यांच्या बोलीत विचारले. दोन भाग, आधी काळजी आणि मग अबोलपणा, प्रत्येकी २८ पैकी गुण, दोन्हींत १० किंवा जास्त आले तर तो स्वभाव धरतात. अण्णांचे आले १७ आणि १९. ‘अनोळखी माणसाशी बोलायला सुरुवात करणं जड जातं’ अशा अर्थाच्या प्रश्नावर ते पहिल्यांदा थोडे हसले. ‘मॅडम, मला ओळखीच्याशीपण जड जातंय.’

उदासीनतेसाठीची नऊ प्रश्नांची चाचणीही घेतली. गुण ११, म्हणजे मध्यम. मरावंसं वाटण्याविषयीच्या शेवटच्या प्रश्नाला स्पष्ट ‘नाही’.

समोर असलेले पर्याय

मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवून औषध सुरू करणं हा एक रस्ता होता. सर्ट्रालीन हे औषध झटक्यानंतरच्या रुग्णांना हृदयाच्या दृष्टीने सुरक्षित असल्याचं २००२ मध्ये दिसलं आहे. पण या गटातल्या औषधांनी रक्तस्रावाचा धोका वाढू शकतो, आणि अण्णा आधीच गुठळी रोखणाऱ्या दोन गोळ्यांवर होते. शिवाय ते स्वतः तयार नव्हते: ‘कारखान्यात कळलं तर येडा म्हणतील.’ आम्ही ठरवलं, चार आठवड्यांनी पुन्हा चाचणी. गुण १० किंवा वर राहिले तर पाठवायचंच, तोवर कार्डिऑलॉजिस्ट आणि मी मिळून लक्ष ठेवायचं.

दुसरा पर्याय दीर्घ मानसोपचाराचा, स्वभावच बदलायचा असा. इथे मला २००३ सालची अमेरिकेतली ‘एनरिच्ड’ चाचणी आठवते. झटका येऊन गेलेल्या, उदास किंवा एकट्या पडलेल्या २,४८१ रुग्णांवर ती झाली. समुपदेशनाने आणि गरज असलेल्यांना औषधांनी मन सुधारलं, आधार वाढला, पण मृत्यू आणि पुन्हा येणारे झटके कमी झाले नाहीत. मन सुधारणं हेच मुळात मोलाचं आहे, त्यासाठी मृत्युदराचा दाखला लागू नये. तरी ‘समुपदेशन घ्या, हृदय वाचेल’ असं वचन मी देऊ शकत नव्हते.

तिसरा पर्याय कुटुंबावर सोपवण्याचा. गोळी तोंडात टाकेपर्यंत कुणीतरी समोर उभं राहायचं. हे करता आलं असतं आणि गोळी पोटात गेलीही असती. पण जो माणूस आधीच दबून राहतो त्याच्यावर पहारा बसवला, तर तो लपवण्यात आणखी तरबेज होतो.

शेवटी जे निवडलं ते या तिन्हींपेक्षा साधं होतं. स्वभाव आहे तसा धरायचा आणि दवाखान्याने विचारण्याची रीत बदलायची. जोडीला अण्णांचं जे बळ आहे, लिहिणं, नोंद ठेवणं, शब्दाला जागणं, त्यावर सगळं उभं करायचं.

काय केलं

पहिली गोष्ट, ‘काही त्रास?’ हा प्रश्न त्यांच्या फाइलवरून हद्दपार केला. त्याला ‘नाही’ हे सभ्य उत्तर आहे. लहानपणापासून आपल्याला तेच शिकवलेलं असतं. त्याऐवजी डॉक्टर आणि सिस्टर ठरलेले प्रश्न विचारू लागल्या. रात्री किती उशा घेता? या आठवड्यात श्वासासाठी किती वेळा उठून बसलात? कोणती गोळी घ्यायला नकोशी वाटते? ‘पुष्कळ लोकांच्या एखाददोन गोळ्या राहतात, तुमच्या किती राहिल्या?’ या शेवटच्या प्रश्नाची ठेवण महत्त्वाची आहे. त्यात कबुली द्यावी लागत नाही, आकडा द्यावा लागतो. आकडे द्यायला अण्णांना कधीच जड गेलं नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे वही. उसाच्या नोंदीच्या वहीसारखे रकाने त्यांनी स्वतः आखले: तारीख, वजन, रक्तदाब, चाललेली मिनिटं, दम शून्य ते दहा, गोळ्या. दुसऱ्या आठवड्यात वही पाहिली तर शेवटी एक रकाना वाढला होता, ‘बोललो नाही’. नोंदी एकेका ओळीच्या. ‘तोडीवरून ... यांनी चारचौघांत शिवी दिली. घरी नाही सांगितलं.’ ‘मुलाचा फोन. पैशाचं विचारायचं होतं, राहिलं.’ ‘पायऱ्या चढताना भीती वाटली.’ ते आजारपणाच्या रजेवर होते, पण गटातले शेतकरी घरी येतच होते. हा रकाना मी सुचवला नव्हता. सुचवला असता तर इतका खरा भरला गेला नसता, असं मला वाटतं.

आमच्या बैठका याच रकान्यावर चालायच्या. त्या आठवड्यातली एकच नोंद निवडायची: ही कुणाला सांगितली तर काय होईल? तोंडी सांगणं अवघड वाटलं तर लिहून द्यायचं. ओपीडीत जाताना अण्णा घडी घातलेला कागद नेऊ लागले आणि खुर्चीवर बसायच्या आधी तो डॉक्टरांपुढे ठेवू लागले. डॉक्टर तो आधी वाचत. याला मिनिटभरही लागत नाही, असं तेच म्हणाले.

तिसरी गोष्ट, दर गुरुवारी त्याच सिस्टरांचा फोन. आवाज ओळखीचा, प्रश्न तेच, चार मिनिटं. अबोल माणसाला दर वेळी नवा चेहरा समोर आला तर त्याची पहिली दहा मिनिटं संकोचात जातात, आणि ओपीडीत दहा मिनिटं कुणालाच मिळत नाहीत.

तंबाखू अटॅकच्या दिवशीच सुटली होती. ती टिकवायला वेगळं काही करावं लागलं नाही.

वहिनींचं मात्र सोपं गेलं नाही. आठ दिवसांनी नव्या पाकिटावरचं वेगळं नाव पाहून त्यांनी विचारलं आणि अण्णांनी सगळं सांगून टाकलं. दुसऱ्या दिवशी त्या एकट्याच माझ्याकडे आल्या. डोळे भरलेले होते आणि संतापही होता. ‘तीस वर्षं झाली लग्नाला. माझ्याआधी दवाखान्याला कळतंय? मी हातावर गोळी देत होते हो.’ मी त्यांना समजावायचा प्रयत्न केला नाही, त्यांचं म्हणणं रास्तच होतं. पुढच्या वेळी दोघं एकत्र बसले तेव्हा त्यांनी अण्णांकडे एकच मागणी केली: रात्री उठलात तर मला उठवा, मला झोपमोड चालेल. अण्णांनी ती वहीत लिहून घेतली.

नोव्हेंबरात पुढचा हंगाम सुरू होताना कामावर रुजू व्हायचं होतं. डॉक्टरांनी रात्रपाळी टाळण्याबद्दल पत्र दिलं. ते पत्र जवळपास तीन आठवडे अण्णांच्या खिशातच होतं. शेवटी चिटबॉय बरोबर गेला आणि ते कामगार अधिकाऱ्यांच्या टेबलावर पोहोचलं. रात्रीची केनयार्डची ड्युटी कमी झाली.

परिणाम

गोळी बदलल्यावर आठवड्याच्या आत दम गेला. सहा मिनिटांत चालण्याचं अंतर बाराव्या आठवड्यात ४२५ मीटर झालं. वर्षअखेर पंपिंग ५० टक्के, वाईट कोलेस्टेरॉल ६४. उदासीनतेचे गुण चार आठवड्यांनी ८, वर्षाने ५. तज्ज्ञांकडे पाठवण्याची वेळ आली नाही. यातलं किती आमच्या रीतीमुळे, किती औषधांमुळे आणि किती निव्वळ काळ गेल्यामुळे, हे एका रुग्णावरून सांगता येत नाही.

नवव्या महिन्यात एका संध्याकाळी छातीत दुखलं. या वेळी वीस मिनिटांत सिस्टरांना फोन आला आणि केला होता अण्णांनी स्वतः. ईसीजी आणि ट्रोपोनिन, म्हणजे हृदयाच्या स्नायूला इजा झाली का हे दाखवणारी रक्ततपासणी, दोन्ही व्यवस्थित. दुखणं स्नायूचं निघालं. फोन करून उगाच त्रास दिला म्हणून त्यांनी तीनदा माफी मागितली.

वर्षाने चौदा प्रश्न पुन्हा विचारले. गुण १५ आणि १९. काळजी किंचित कमी, अबोलपणा होता तेवढाच. मला यात अपयश दिसत नाही. तोच स्वभाव घेऊन हा माणूस आता गोळ्या घेत होता, कागद पुढे करत होता आणि वेळेत फोन करत होता.

वेगळं काय करता आलं असतं

डिस्चार्जच्या दिवशी टिकॅग्रेलोरबद्दल दोन वाक्यं सांगायला हवी होती: या गोळीने दम लागल्यासारखं वाटू शकतं, वाटलं तर बंद करू नका, फोन करा. आता आमच्या डिस्चार्ज कार्डावर हे मराठीत, गोळीच्या नावासमोरच छापलेलं असतं. दम लागणं हे हृदयरुग्णाच्या दृष्टीने मृत्यूचं लक्षण असतं, म्हणून त्याचा खुलासा आधी झाला नाही तर तो आपल्या मनानेच एक अर्थ लावतो.

पाकिटं मोजण्याचं काम सहाव्या आठवड्यापर्यंत थांबायला नको होतं. स्टेंटनंतरचा पहिला महिना सर्वांत नाजूक, आणि आमची मोजणी नेमकी त्यानंतर होत होती. आता ती दुसऱ्या आठवड्यात होते.

‘उशिरा दाखल’ या शेऱ्यापुढे कारणाची एक ओळ लिहायची, असं आम्ही सुरू केलं आहे. अण्णांच्या कागदावर ती असती, ‘पत्नीला उठवायचं नव्हतं’, तर रिहॅबमध्ये पहिल्याच दिवशी आम्ही त्यांना वेगळे प्रश्न विचारले असते. यासाठी कुठलीही प्रश्नावली लागत नाही.

वहिनींच्या बाबतीत माझं मन अजून दोन्ही बाजूंनी ओढ घेतं. गुप्तता पाळण्याचा निर्णय मी आजही तसाच घेईन. पण गोळ्या देण्याचं काम त्या करत असताना, पहिल्या दिवसापासून त्यांना रिहॅबमध्ये स्वतःची जागा द्यायला हवी होती: औषधांची माहिती, धोक्याची लक्षणं, विचारण्याची रीत. बायको म्हणजे गोळ्या हातावर ठेवणारी व्यक्ती, असं गृहीत धरून दवाखाने चालतात, त्यामुळे ती सगळ्यांत जवळ असूनही तिला सगळ्यांत शेवटी कळतं. आता पहिल्या सत्राला जोडीदाराला बोलावतो. शेतीची कामं सोडून सगळ्याच येऊ शकत नाहीत, म्हणून संध्याकाळी फोनवर तेच सत्र घ्यायचा प्रयत्न चालू आहे.

एक प्रश्न अजून सुटलेला नाही. ही सगळी व्यवस्था एका सिस्टरांच्या आवाजावर उभी आहे. त्यांची बदली झाली किंवा त्या रजेवर गेल्या, तर अण्णांसारखे आठ-दहा रुग्ण पुन्हा ‘बरं हाय’ म्हणू लागतील. सध्या दुसऱ्या सिस्टर दर गुरुवारी त्याच फोनवर सोबत बसतात आणि महिन्यातून एक फोन त्या एकट्याने करतात. त्यांच्या पहिल्या दोन फोनना अण्णांनी एका शब्दात उत्तरं दिली. तिसऱ्या वेळी पायाला सूज असल्याचं सांगितलं.